निबंधाचा विषय मुलांना ठरवू द्या : अमेरिकेतील महाविद्यालयांसाठी अर्ज करणाऱ्या मुलांच्या पालकांना खुले पत्र

अमेरिकेतील महाविद्यालयांसाठी यंदा अर्ज भरणाऱ्या मुलामुलींच्या सर्व मराठी पालकांस,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी १ ऑगस्टला ‘कॉमन अ‍ॅप’चा, म्हणजे अनेक महाविद्यालयांसाठी एकच अर्ज भरण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेचा, नवा हंगाम सुरू होतो. त्या दिवसापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या ‘अर्ली’, म्हणजे लवकर अर्ज करण्याच्या मुदतीपर्यंत, आणि तेव्हा जमले नाही तर जानेवारी उजाडेपर्यंत, बारावीतले मूल असलेल्या आपल्या घरांत रात्रीच्या जेवणाला एकच प्रश्न निघत असतो : निबंध कशावर लिहायचा? गेली अकरा वर्षे आमच्या मराठी शाळेचा शनिवारचा वर्ग सुटल्यावर मी या मुलांचे मसुदे वाचत आले आहे. मी कोणत्याही विद्यापीठाच्या प्रवेश समितीवर काम केलेले नाही आणि या वाचनाचे पैसेही घेत नाही. माझ्या म्हणण्याला किती वजन द्यायचे हे तुम्हाला ठरवता यावे म्हणून हे आधीच सांगते. माझी विनंती एकच आहे. तुमच्या मुलाच्या निबंधाचा विषय तुम्ही ठरवू नका.

ही विनंती मी करते आहे ती स्वतः केलेल्या एका चुकीमुळे. माझा मुलगा बारावीत असताना त्याला आमच्या जवळच्या एका चौकातल्या सिग्नलवर लिहायचे होते. रस्ता ओलांडण्यासाठी खांबावरचे जे बटण दाबायचे असते, ते दाबल्याने खरोखर काही फरक पडतो का, असा प्रश्न त्याला शाळेत जाता-येता पडला होता, आणि महिनाभर घड्याळ लावून सेकंद मोजत त्याने एका वहीत त्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. दिवसा वर्दळीच्या वेळी बटण दाबले काय किंवा न दाबले काय, चालण्याची खूण ठरल्या वेळीच उजळत असे. रात्री उशिरा मात्र कोणी बटण दाबल्याखेरीज ती उजळतच नसे. त्याने शहराच्या वाहतूक विभागाला पत्र लिहिले आणि तिथल्या अभियंत्याचे दोन ओळींचे उत्तर आले, की दिवसा तो सिग्नल ठरावीक चक्रावर चालतो आणि रात्री मागणीनुसार. त्या उत्तराने त्याचा चेहरा कसा फुलला होता ते मला आजही आठवते. तरीही मी त्याला म्हणाले, “बटणावर कसला निबंध लिहितोस, आजोबांच्या गावच्या दुष्काळावर लिही.” त्या गावी तो आयुष्यात दोनदा गेला होता, दोन्ही वेळचे मिळून नऊ दिवस. मुलगा ऐकणारा होता, त्याने लिहिले. मी सात वेळा भाषा सुधारली. निबंध शुद्ध झाला, नेटका झाला, आणि त्यात शोधूनही माझा मुलगा सापडेना. पुढे तो नोकरीला लागल्यावर एकदा सहज बोलण्याच्या ओघात, अजिबात न रागावता मला म्हणाला, “आई, तो निबंध तुझा होता. मी फक्त टाइप केला.” त्याला चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता, त्यामुळे त्या निबंधाने त्याचे नुकसान झाले असे मी म्हणू शकत नाही. संपूर्ण अर्जात ज्या एका जागी त्याला स्वतःचे बोलायला सांगितले होते, तिथे मी बोलले, एवढे मात्र खरे आहे.

आपण असे का वागतो, याचा मी बराच विचार केला आहे. आपल्यापैकी बहुतेकजण निबंध शिकले ते परीक्षेसाठी. प्रश्नपत्रिकेवर ‘पुढीलपैकी कोणत्याही एका विषयावर निबंध लिहा’ असे छापलेले असे आणि खाली ‘मी पाहिलेला अपघात’, ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘विज्ञान : शाप की वरदान’ असे चार-पाच विषय दिलेले असत. आपण त्यांपैकी पाठ केलेला, किंवा पाठ केलेल्याच्या जवळचा, विषय उचलत असू; सुरुवातीला सुभाषित, मध्ये एखाद्या थोर माणसाचे वचन आणि शेवटी उज्ज्वल भविष्याची आशा अशी त्याची घडी बसलेली असे. ज्याने अपघात पाहिलेला नसे, तोही ‘मी पाहिलेला अपघात’ बिनदिक्कत लिहीत असे आणि त्यात कोणालाच काही गैर वाटत नसे. त्या शिक्षणाने आपल्याला शुद्धलेखन दिले, परिच्छेद पाडायला शिकवले, ठरल्या वेळात चार मुद्दे मांडायला शिकवले. ते मी कमी लेखत नाही. पण स्वतःच्या आयुष्यातून लिहिण्याजोगा विषय शोधण्याची वेळ शाळेने आपल्यावर एकदाही आणली नाही. विषय नेहमी वरून येत असे. म्हणून आपले मूल जेव्हा म्हणते, “मला कशावर लिहायचं तेच कळत नाही,” तेव्हा आपण नकळत प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो.

कॉमन अ‍ॅपमधल्या निबंधासाठीच्या सात सूचना पाहून हा गैरसमज आणखी पक्का होतो, कारण त्या वरवर पाहता ‘पुढीलपैकी कोणताही एक’ यासारख्याच दिसतात. निबंध २५० ते ६५० शब्दांचा हवा असतो आणि तोच एक निबंध त्या व्यवस्थेतून जाणाऱ्या जवळपास सगळ्या महाविद्यालयांकडे पोहोचतो. सूचना अशा : जिच्यावाचून अर्ज अपुरा राहील अशी तुमची पार्श्वभूमी, ओळख, आवड किंवा कला; एखादा अडथळा, पीछेहाट किंवा अपयश आणि त्यातून काय शिकलात; एखाद्या समजुतीला वा विचाराला तुम्ही प्रश्न विचारला तो प्रसंग; कोणी तुमच्यासाठी केलेली अशी गोष्ट, जिच्यामुळे अनपेक्षितपणे आनंद किंवा कृतज्ञता वाटली; जिच्यामुळे स्वतःची किंवा इतरांची नवी समज आली अशी घटना, यश वा जाणीव; ज्यात वेळेचे भान हरपते असा विषय किंवा कल्पना; आणि सातवी सूचना, तुमच्या पसंतीचा कोणताही विषय. ही सातवी सूचना नीट वाचा. त्यात आधीच लिहून झालेला निबंधही चालेल असे म्हटलेले आहे. पहिल्या सहांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले याला वाचणाऱ्याच्या लेखी महत्त्व असते, तर अशी मोकळीक ठेवलीच नसती. विषय आधी सापडतो आणि मग तो कोणत्या सूचनेखाली बसतो ते पाहायचे असते. हा क्रम उलटा झाला की काय होते ते मी पुष्कळदा पाहिले आहे. मूल दुसरी सूचना निवडते, मग आयुष्यात अडथळा शोधू लागते, सापडत नाही, आणि शेवटी इतिहासाच्या एका चाचणीत मिळालेल्या ‘बी’ श्रेणीला संकट बनवून टाकते. घरी प्रेमाने वाढलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःचे दुःख मोठे करून दाखवावे लागणे मला बघवत नाही.

दुसरी गोष्ट अर्जाच्या रचनेची आहे, आणि ती माहीत नसल्याने पालकांचा फार मोठा गोंधळ होतो. अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे. त्याखेरीज पाच बक्षिसे वा सन्मान लिहिता येतात. शाळेचे गुणपत्रक स्वतंत्र जाते, समुपदेशकाचे पत्र जाते, बहुतेक ठिकाणी शिक्षकांची पत्रे जातात. म्हणजे रोबोटिक्स संघाचे कप्तानपद, राज्य पातळीवरचे गणिताचे पारितोषिक, रुग्णालयातले स्वयंसेवेचे तास हे सगळे वाचणाऱ्यासमोर आधीच मांडलेले असते. तेच ६५० शब्दांत पुन्हा सांगण्याचा आग्रह धरणारे पालक आपल्या मुलाला मिळालेली एकमेव मोकळी जागा वाया घालवतात. आजारपणामुळे दहावीत गुण घसरले असतील, मध्येच शाळा बदलावी लागली असेल, तर ते सांगायलाही वेगळी जागा आहे. ती माहिती तिथे चार सरळ वाक्यांत दिली की मुख्य निबंध मोकळा राहतो.

आता आपल्या घरांत सुचवल्या जाणाऱ्या विषयांकडे वळते. त्यांतला पहिला आपल्या स्थलांतराचा : दोन बॅगा, खिशात थोडे डॉलर, शिष्यवृत्तीवर काढलेली थंडीतली पहिली वर्षे. ही कहाणी खरी आहे आणि आपल्याला ती प्राणप्रिय आहे, पण त्या विमानात आपले मूल नव्हते. ते या कहाणीचे श्रोते आहे. श्रोता म्हणून त्याला काय वाटले, आपली कहाणी तीसदा ऐकताना त्याला कोणत्या जागी शंका आली, कुठे अपराधी वाटले, हे लिहिता येईल आणि ते वाचावेसेही वाटेल. पण अशा मसुद्यांत पाचशे शब्द आई-वडिलांचे आणि शेवटचे दीडशे ‘म्हणून मी कष्ट करतो’ असे असतात. समितीला प्रवेश त्या वडिलांना द्यायचा नसतो. दुसरा विषय सुट्टीतल्या भारतभेटीचा. गाव पाहिले, गरिबी पाहिली, हसरी मुले पाहिली, आपण किती सुदैवी आहोत हे कळले. या निबंधाबद्दल मला जरा कठोर बोलावेसे वाटते, कारण त्यात ज्यांना पाहिले त्यांना नाव नसते, आवाज नसतो, त्यांच्या घरी नेमके काय बोलणे झाले हेही नसते. ती माणसे आपल्या मुलाला शहाणे करण्यापुरती येतात आणि जातात. माझ्या मुलाच्या दुष्काळाच्या निबंधात हेच झाले होते. तिसरा विषय मोठ्या यशाचा किंवा थोडक्यात हुकलेल्या यशाचा, म्हणजे अंतिम सामना, अरंगेत्रम (भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम), विज्ञान प्रदर्शन. आणि चौथा आजी-आजोबांच्या निधनाचा, ज्यात आजी इतकी सुंदर उतरते की नातू दिसेनासा होतो.

यांतला कोणताही विषय निषिद्ध आहे असे माझे म्हणणे नाही. ‘अमुक विषय टाळा’ अशा याद्या सर्वत्र फिरत असतात आणि मुले त्या वाचून घाबरलेली असतात. त्या याद्यांनी चांगल्या निबंधांचा जीव घेतला आहे असे माझे स्पष्ट मत आहे. आजीवर लिहिलेला एक उत्तम निबंध मी वाचला आहे. त्यात मृत्यू शेवटच्या ओळीपर्यंत आलाच नव्हता. आजीचे आणि नातीचे पत्त्यांच्या डावात रोज होणारे भांडण त्यात होते, आजी चक्क फसवते हे लक्षात आल्यावरही ते न बोलण्याचा नातीने घेतलेला निर्णय होता, आणि आपण गप्प का राहिलो याची तिने तीन वेगवेगळ्या वयांत स्वतःला दिलेली तीन वेगळी उत्तरे होती. हा विषय तिला कोणी सुचवला नव्हता. कोणाला सुचवता आलाही नसता, कारण तो डाव फक्त त्या दोघींना माहीत होता.

आणखी एका मुलीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. ती सार्वजनिक ग्रंथालयात आठवड्यातून दोनदा परत आलेली पुस्तके कपाटात लावायचे काम करत असे. तिच्याकडे संशोधनाची उमेदवारी (इंटर्नशिप) होती, तिचे नाव असलेले एक भित्तिपत्रकही एका परिषदेत लागले होते, आणि वडिलांची इच्छा निबंध त्यावर असावा अशी होती. तिला लिहायचे होते ६४१.५ या क्रमांकावर. ग्रंथालयांच्या ड्यूई दशांश वर्गीकरणात हा स्वयंपाकाच्या पुस्तकांचा क्रमांक आहे, आणि त्या कपाटातला क्रम दर दोन दिवसांनी पार बिघडलेला असे. सुरुवातीला ती वैतागायची. मग तिच्या लक्षात आले, की शेजारची काही कपाटे महिनोन्‌महिने नीटनेटकी असतात कारण त्यांना कोणी हात लावत नाही. तिने मोजायला सुरुवात केली, कोणती पुस्तके सर्वाधिक भरकटतात, किती लांब जातात, उभ्याउभ्या चाळून कुठेही खोचून ठेवलेले पुस्तक आणि घरी नेऊन परत आणलेले पुस्तक यांत काय फरक दिसतो. पुढे पुढे तिला नीटनेटक्या कपाटाचीच काळजी वाटू लागली. वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, “यात कर्तृत्व काय आहे?” त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मीही त्यांना जे वाटले ते सांगितले. तिच्या संशोधनातला प्रश्न प्राध्यापकांनी दिलेला होता आणि हा प्रश्न तिने स्वतः शोधला होता; ती वैज्ञानिक कशी होणार आहे हे मला त्या कपाटावरून जास्त कळले. संशोधनाची उमेदवारी उपक्रमांच्या यादीत तशीही होतीच. तिने निबंध ६४१.५ वर लिहिला. तिला प्रवेश कुठे मिळाला हे मी मुद्दामच लिहीत नाही, कारण प्रवेशाच्या निकालावरून निबंधाची पारख करता येत नाही. निकालात गुण, शाळा, महाविद्यालयाच्या त्या वर्षीच्या गरजा, आर्थिक बाजू असे कितीतरी घटक गुंतलेले असतात. तरीही आपल्या ओळखीतले लोक ‘अमक्याच्या मुलीने यावर लिहिले आणि तिला तिथे मिळाले’ असे सांगत राहतात आणि पुढच्या वर्षी त्याच विषयाचे तीन मसुदे माझ्या टेबलावर येतात.

आता एका नाजूक मुद्द्याकडे येते. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्याच निकालपत्रात मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी असेही लिहिले, की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला याबद्दल अर्जदाराने काही सांगितले, तर ते विचारात घेण्यास विद्यापीठांना मनाई नाही. मात्र त्याचा संबंध त्या विद्यार्थ्याच्या धैर्याशी, निर्धाराशी किंवा क्षमतेशी असायला हवा आणि विद्यार्थ्याकडे एक व्यक्ती म्हणून पाहिले गेले पाहिजे. या निकालानंतर आपल्या लोकांत दोन तऱ्हेचे सल्ले फिरू लागले. एक म्हणतो, भारतीय असणे निबंधात दिसू देऊ नका, तशी मुले फार आहेत. दुसरा म्हणतो, भेदभावाचा एखादा प्रसंग शोधून काढा आणि त्यावरच लिहा. पहिल्या सल्ल्याने एका मुलीने नऊ वर्षे शिकलेले कथक निबंधातून पुसून टाकलेले मी पाहिले आणि त्याच्या जागी जो निबंध आला तो कोणाचाही असू शकला असता. दुसऱ्या सल्ल्याने एका मुलाने शाळेतल्या एका जुन्या टोमण्याला ६५० शब्द दिले. मी त्याला विचारले, तुला हे खरोखर बोचते का, तर तो म्हणाला, नाही, मी ते विसरलो होतो. दोन्ही सल्ल्यांत मुलाकडे पाहिलेच जात नाही. ज्याला तो टोमणा खरोखर बोचला असेल, ज्याच्या वागण्यात त्यामुळे काही बदलले असेल, त्याने तो अवश्य लिहावा, आणि आपण पालकांनी ‘असे काही लिहू नकोस, लोक काय म्हणतील’ म्हणून त्याला अडवू नये.

घरातल्या आजारपणाबद्दल, आई-वडिलांच्या विभक्त होण्याबद्दल, मनाच्या आजाराबद्दलही असेच म्हणावेसे वाटते, पण एक भर घालून. मुलाला त्यावर लिहायचे असेल, तर ते दुःख इतके तरी दूर गेलेले असावे की त्याबद्दल लिहिताना त्याला विचार करता येईल. एका मुलाची आई कर्करोगाच्या उपचारांतून जात होती. त्याच्या समुपदेशकाला आणि त्याच्या काकांना तो विषय ‘फार प्रभावी’ वाटत होता. मुलगा दोन शनिवार माझ्यासमोर बसला आणि त्याने एक ओळ लिहिली नाही. तिसऱ्या शनिवारी त्याने विचारले, “हे नाही लिहिलं तर चालेल का?” मी म्हटले, चालेल. त्याने जुन्या रेडिओवर लिहिले. आईच्या आजारपणाची नोंद त्याने अर्जातल्या दुसऱ्या जागी तीन वाक्यांत केली. घरातले दुःख अनोळखी माणसांसमोर मांडायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या मुलाचाच होता, आणि मोठ्या माणसांनी ते दुःख प्रवेशाच्या हिशेबात धरायला नको होते.

काही पालक मला विचारतात, की एवढा निबंधाचा खटाटोप हवाच कशाला, गुणांवर प्रवेश द्यावा. त्यांची शंका निराधार नाही. १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या महाविद्यालयांनी अर्जदाराचे ‘चारित्र्य’ आणि व्यक्तिमत्त्व तपासायला सुरुवात केली त्यामागे परीक्षेत पुढे येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या कमी करण्याचा हेतू होता. हार्वर्डच्या अर्जात तेव्हा आईचे माहेरचे आडनाव आणि कुटुंबाने नाव बदलले आहे का हेही विचारले जाऊ लागले. आजही हे मैदान सपाट नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे अर्ज केलेल्या ६०,००० विद्यार्थ्यांच्या २,४०,००० निबंधांचा स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अभ्यास केला आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात निबंधाच्या आशयाचा कौटुंबिक उत्पन्नाशी असलेला संबंध ‘सॅट’ या प्रवेशपरीक्षेच्या गुणांपेक्षाही अधिक घट्ट दिसला. आपल्यापैकी अनेकांची घरे या मोजपट्टीच्या वरच्या टोकाला आहेत. म्हणून ताशी शेकडो डॉलर घेणाऱ्या सल्लागाराकडून मुलासाठी विषय विकत आणण्यापूर्वी आपण थांबावे असे मला वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेचेही तेच. २०२३ पासून कॉमन अ‍ॅपच्या नियमांत कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे फसवणुकीत धरले आहे, आणि ड्यूक विद्यापीठाने तर २०२४ मध्ये निबंधांना अंकांत गुण देणेच बंद केले. यंत्राला विषय विचारला तर ते हजारो निबंधांतून वारंवार येणारा विषयच पुढे करणार. सिग्नलची वही त्याने कधी पाहिलेली नसते.

मग मुलांनी विषय शोधावा कसा? मी शनिवारी काय करते तेवढे सांगते. मुलांना मी ‘तुझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग’ विचारत नाही, कारण त्या प्रश्नाने सतरा वर्षांचे मूल बिचकते. मी विचारते, की तू कोणती गोष्ट कोणी न सांगता करतोस. कशाबद्दल बोलायला लागलास की मित्र म्हणतात ‘झालं, सुरू झाला’. कोणत्या बाबतीत तुझे मत गेल्या दोन वर्षांत बदलले. कोणत्या गोष्टीची तुला अजून लाज वाटते. घरात कोणते काम तुझ्याशिवाय अडते. उत्तरांतून चार विषय निघतात. प्रत्येकावर वीस मिनिटे न थांबता लिहायचे, खोडायचे नाही. या चार सुरुवातींपैकी कुठली जिवंत आहे हे ओळखणे फारसे अवघड नसते. जिथे विषय मुलाचा असतो तिथे वस्तूंची नावे, वेळा, माणसांचे बोलणे आपसूक येते, आणि मी पुढचा प्रश्न विचारला की उत्तर तयार असते. जिथे विषय दुसऱ्याचा असतो तिथे ‘अविस्मरणीय’, ‘प्रेरणादायी’, ‘जीवन बदलणारा’ अशी विशेषणे येतात आणि प्रश्न विचारला की मूल वर छताकडे पाहते. चारही सुरुवाती अशा निघाल्या तर आठवडाभर थांबून पुन्हा करायचे. यासाठी अकरावीनंतरच्या सुट्टीतले दोन-तीन आठवडे मोकळे ठेवता आले तर फार बरे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात विषय शोधायला बसलेले मूल हाताला लागेल तो पकडते.

यात पालकांना काम नाही असे नव्हे. तुमच्याकडे मुलाच्या लहानपणाचा जो साठा आहे तो त्याच्याकडे नाही. त्याने विचारले तर सांगा : चौथ्या वर्षी तो जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय चढत नसे, सातव्या वर्षी त्याने खेळाचे नियम बदलून भांडण मिटवले होते. घडले ते सांगा आणि तिथे थांबा. ‘म्हणजे तू लहानपणापासूनच नेता होतास’ हे पुढचे वाक्य गिळून टाका, कारण अर्थ लावण्याचे काम त्याचे आहे. मसुदा दाखवला तर तुम्हाला कुठे कळले नाही आणि कुठे आणखी वाचावेसे वाटले एवढेच सांगा. आणि विषय ऐकून तुम्हाला तो किरकोळ वाटला, तर त्या रात्री काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी त्याला त्या विषयाबद्दल तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलाला मी तीन प्रश्न विचारले असते, तर रात्री मागणीनुसार चालणारा सिग्नल आणि दिवसा चक्रावर चालणारा सिग्नल यांत त्याला एवढे काय आवडले, हे मला तेव्हाच कळले असते. ते मला कळले तो सत्तावीस वर्षांचा झाल्यावर.

दोन अपवाद थोडक्यात नोंदवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा असतो. तिथे आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत उत्तरे द्यायची असतात, त्यामुळे चारांतून मुलाच्या चार वेगळ्या बाजू दिसतील अशी निवड करावी लागते आणि भाषाही अधिक थेट ठेवावी लागते. ब्रिटनमधील विद्यापीठांसाठी अर्ज करत असाल, तर हे पत्र बाजूला ठेवा. तिथल्या ‘यूकास’ या सामाईक प्रवेशव्यवस्थेच्या निवेदनात ज्या शाखेसाठी अर्ज आहे त्या शाखेची ओढ आणि तयारी सांगायची असते, २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन ठरावीक प्रश्नांत विभागले असून एकूण मर्यादा ४,००० अक्षरांची आहे. अमेरिकेसाठी लिहिलेला पत्त्यांच्या डावाचा निबंध तिथे उपयोगाचा नाही.

सप्टेंबरपासून दर शनिवारी वर्ग सुटल्यावर मी नेहमीप्रमाणे तासभर थांबणार आहे. मुलांना जरूर पाठवा. मसुदा नसला तरी चालेल, कोरी वही पुरे. मात्र गाडीतून उतरताना ‘तू यावर लिहिणार आहेस हे मावशींना सांग’ असे म्हणून पाठवू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मराठी शाळेतील एक स्वयंसेविका आणि एका मुलाची आई